जाहिरातीतले ‘तुम्ही’ कोण? नवी मुंबई पटवून देण्याचा इतिहास

करंजात येऊन नवी मुंबईवर बोलायचं म्हणजे घरच्या माणसांना घरचीच गोष्ट सांगण्यासारखं आहे. जमीन कशी गेली, मोबदला किती मिळाला, कोणाला प्लॉट मिळाला आणि कोणाची फाईल अजून फिरते आहे, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही भूसंपादनाचा इतिहास सांगणार नाही. आजचा विषय त्याच्या शेजारचा आहे. हे शहर लोकांना पटवून कसं दिलं गेलं? कोणत्या लेखांनी, कोणत्या नकाशांनी, कोणत्या जाहिरातींनी? आणि मुख्य म्हणजे, पटवून दिलं ते कोणाला?

पनवेलहून उरणकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाले फलक लागतात. उंच इमारत, हिरवळ, पोहण्याचा तलाव, हसणारं चौकोनी कुटुंब, आणि खाली विमानतळापासून इतकी मिनिटं, अटल सेतूपासून तितकी मिनिटं. आपण ते रोज पाहतो, पण वाचत मात्र नाही. या फलकांची भाषा कालपरवाची नाही. तिला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास याच खाडीकाठच्या जमिनीवर घडलेला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पटवून देणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. पूर्ण खऱ्या गोष्टी सांगूनही माणसाला हव्या त्या बाजूला वळवता येतं. काय सांगायचं, कोणत्या क्रमाने सांगायचं आणि काय चित्राबाहेर ठेवायचं, यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याकडच्या काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ बसत नाही तेव्हा घ्यावा लागणारा जवळचा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. जाहिरातीचं बहुतेक काम व्यंजनेने चालतं. न उच्चारलेल्या गोष्टीबद्दल जाब विचारणं अवघड असतं, हे जाहिरात करणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

आता ‘नवी मुंबई’ हे नावच घ्या. अभिधेने पाहिलं तर एक नवं शहर, नाव मुंबई. पण मुंबई तर समुद्रापलीकडे आहे. मग लक्षणेने अर्थ घ्यायचा की हा मुंबईचाच पुढचा भाग. आणि व्यंजना? इथे मुंबईची नोकरी आहे, मुंबईची प्रतिष्ठा आहे, पण तिथली गर्दी, चाळीतली एक खोली, लोकलमधलं लोंबकळणं नाही. त्याच्याही खाली आणखी एक अर्थ दडलेला आहे. ‘नवी’ म्हटलं की आधी काही नव्हतं असं आपोआप ठरतं. गंमत बघा, या भागाला कागदोपत्री स्वतःचं नाव फार जुनं आहे. इंग्रज उरणच्या बेटाला करंजा बेट म्हणत. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर करंजाचंही नाव येतं. तहात जे नाव लिहून घ्यावं लागलं, ते पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी ‘न्यू बॉम्बे’ या दोन शब्दांखाली गेलं.

मराठी मुलखात आधुनिक वस्तू पटवून देण्याची एक जुनी गोष्ट सर्वांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर खपेना. मग जाहिराती आल्या, प्रत्यक्ष नांगरणी करून दाखवणं आलं, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार. त्यांच्या हाताखाली कारखान्याचं पत्रक वाढत वाढत मराठी मध्यमवर्गाचं मासिक झालं. लेख, चित्र आणि जाहिरात यांनी हातात हात घालून ‘नव्या काळातलं जगणं’ घरोघर नेलं. यातली एक बाब आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. नांगराची जाहिरात शेतकऱ्याशी बोलत होती. त्या जाहिरातीतले ‘तुम्ही’ म्हणजे शेतकरी. कारण नांगर विकत घ्यायचा तर खिशात हात त्यालाच घालायचा होता. त्याचा होकार लागत होता, म्हणून त्याच्या शंकेला उत्तर दिलं गेलं.

ही गोष्ट मनात ठेवून आता १९६५ कडे जाऊ.

मुंबईची अवस्था तेव्हा खरोखर बिकट होती. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांच्या वर गेली होती. शहर चिंचोळं, दक्षिणोत्तर लांब. कचेऱ्या दक्षिण टोकाला, राहणारी माणसं उत्तरेला. सकाळी सगळी गर्दी एका दिशेने, संध्याकाळी उलट. १९५८ मध्ये नेमलेल्या, स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या मुख्य भूमीचा उपयोग करावा असं सुचवलं होतं. म्हणजे कल्पना हवेत होती. तिला आकार दिला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी. दोघे वास्तुरचनाकार, तिसरे स्थापत्य अभियंता. त्यांचा प्रस्ताव १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘मार्ग’ हे मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं कला आणि वास्तुकलेचं इंग्रजी नियतकालिक. वाचक कोण, तर शिकलेले, शहरातले, निर्णयाच्या खुर्चीजवळ बसणारे.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचला तर पटतो. शहर उत्तरेकडे ओढत नेण्याऐवजी बंदराच्या पाण्याभोवती वाढवा. एकाच टोकाला नोकऱ्या नकोत, अनेक केंद्रं हवीत. पलीकडची जमीन सरकारने आधीच ताब्यात घ्यावी, म्हणजे सट्टेबाजी होणार नाही. ती विकसित करून विकावी, आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, गटारं, गाड्या उभ्या कराव्यात. शहराने स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा. आणि राज्य सरकारने आपल्या कचेऱ्या पलीकडे नेऊन सुरुवात करावी. यात गरिबांच्या घरांचा विचार होता, सार्वजनिक वाहतुकीचा विचार होता. हे लोक बिल्डर नव्हते. शहराची त्यांना कळकळ होती.

पण ही कळकळ कोणाशी बोलत होती? मुंबईत कोंडलेल्या माणसाशी आणि मुंबई चालवणाऱ्या सरकारशी. एबेनेझर हॉवर्ड यांच्या १८९८ च्या उद्यान-नगराच्या पुस्तकात तीन लोहचुंबकांचं एक प्रसिद्ध चित्र आहे. एक चुंबक शहर, दुसरा खेडं, तिसरा दोघांचे गुण एकत्र केलेला. मधोमध लोक आहेत, आणि ते कोणत्या चुंबकाकडे ओढले जातील असा प्रश्न आहे. नगररचनेच्या इतिहासात या चित्राइतकं पटवून देणारं चित्र क्वचितच झालं असेल. त्यातही प्रश्न जाणाऱ्यांचा आहे. तिसरा चुंबक जिथे ठेवायचा, तिथे आधीपासून राहणाऱ्यांसाठी त्या चित्रात जागाच नाही.

नकाशाचंही तेच होतं. नकाशा वरून पाहतो. बंदराचं पाणी मधे, पश्चिमेला काळीभोर दाटी झालेली मुंबई, पूर्वेला पांढरी मोकळी जागा. डोळा आपोआप दाटीकडून मोकळ्या जागेकडे जातो. लेखातल्या दहा परिच्छेदांचं काम एक नकाशा करतो. पण ती पांढरी जागा म्हणजे काय होतं? भातखाचरं, मिठागरं, खाडीचं पाणी थोपवणारे बांध, आणि ते बांध गावकीने दरवर्षी दुरुस्त करण्याची रीत. ओहोटीच्या वेळी खाजण पाहिलं तर परक्याला नुसता चिखल दिसतो. तुम्हाला तिथे निवटी, चिंबोरी, कोळंबी दिसते, जिताडा कुठल्या तोंडाला येतो ते दिसतं. वरून काढलेल्या नकाशात हे मावत नाही, आणि सातबाऱ्यावरही खाडीतली मासेमारी लिहिलेली नसते.

हा फरक नुसत्या भावनेचा नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. बंदर आणि इतर प्रकल्पांच्या भरावाने, तिवरं गेल्याने आणि भरती-ओहोटीचे मार्ग बुजल्याने त्यांचं उत्पन्न बुडालं होतं. नकाशावरची ‘रिकामी’ जागा कोणाचं तरी पोट भरत होती, हे कायद्याच्या भाषेत लिहिलं जायला ‘मार्ग’च्या अंकानंतर पन्नास वर्षं लागली.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ९५ गावं, आणि वीस लाख लोकांच्या शहराचं उद्दिष्ट. कोरिया आणि शिरीष पटेल दोघेही सुरुवातीची वर्षं सिडकोत होते. मुंबईकराला पटवायचं काम मोठं होतं. खाडीपलीकडे कोण जाणार, हा तेव्हाचा साधा प्रश्न. म्हणून जाहिराती, माहितीपत्रकं, प्रदर्शनं आली. ‘एकविसाव्या शतकाचं शहर’ हा शब्दप्रयोग रुळला. ‘वुई मेक सिटीज’, आम्ही शहरं घडवतो, हे सिडकोचं ब्रीद झालं. त्यातला ‘आम्ही’ नीट ऐका. घडवणारे आम्ही, राहायला येणारे तुम्ही. आणि ९५ गावं? ती या वाक्याचा कर्ताही नाहीत आणि कर्मही नाहीत.

मग गावांशी कोण बोललं? गावांशी नोटीस बोलली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढे दोन शब्द पुरेसे होते. हरकत घेता येत होती, पण होकार लागत नव्हता. आता नांगराची गोष्ट आठवा. ज्याचा होकार लागतो, त्याला पटवलं जातं. ज्याचा लागत नाही, त्याला कळवलं जातं. मुंबईतल्या नोकरदाराला रंगीत चित्र आणि इथल्या शेतकऱ्याला सरकारी मराठीतला कागद, हा फरक कोणाच्या वाईट मनातून आलेला नाही. तो कायद्यातून आला. आम्हाला या सगळ्या इतिहासातली कळीची जागा हीच वाटते.

म्हणून इथल्या आंदोलनांकडेही या नजरेने पाहता येतं. जासईचे दि. बा. पाटील यांनी जे केलं, ते मोबदल्याची रक्कम वाढवण्यापुरतं नव्हतं. ज्यांचा होकार लागत नव्हता, त्यांच्या होकाराला त्यांनी किंमत आणली. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर विकसित जमिनीतला वाटा हा मुद्दा टाळता येईना, आणि १९९० पासून साडेबारा टक्क्यांची योजना आली. हिशेब सोपा होता. शहर जर जमिनीच्या वाढत्या किमतीवर उभं राहणार असेल, तर त्या वाढीत मूळ मालकाचाही वाटा हवा. मूळ प्रस्तावातलाच युक्तिवाद इथल्या लोकांनी उलटून प्रस्ताव करणाऱ्यांपुढे ठेवला.

आणि बघा, या लढ्याने भाषाही घडवली. सरकारी कागदात ‘खातेदार’ होता. लोकांनी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द धरला. ग्रस्त म्हटलं की ग्रासणारा कोणीतरी आलाच. म्हणजे व्यंजना आता दुसऱ्या बाजूने कामाला लागली. नंतर ‘भूमिपुत्र’ आला. ‘साडेबारा टक्के’ हा आकडा तर नामच झाला. ‘आमचा साडेबारा अजून बाकी आहे’ असं इथे सहज म्हटलं जातं, आणि बाहेरच्याला त्याचा अर्थ लागत नाही. जाहिरात संस्थेकडे न जाता तयार झालेले हे शब्द सरकारी कागदांत जाऊन बसले.

एक विसंगती मात्र सांगायलाच हवी. मूळ प्रस्तावाचा पाया होता सरकारने स्वतः पलीकडे जावं हा. ते झालं नाही. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि मंत्रालय होतं तिथेच राहिलं. ज्याने लाखो लोकांना ‘पलीकडे चला’ म्हणून पटवलं, त्याला स्वतःला ते पटलेलं नव्हतं. विकणारा स्वतः ती वस्तू वापरतो का, हा जाहिरातीला विचारायचा जुना प्रश्न आहे, आणि शहराच्या जाहिरातीलाही तो लागू पडतो.

आता आजच्या फलकाकडे येऊ. त्याचं मुख्य शस्त्र म्हणजे मिनिटं. अंतर किलोमीटरमध्ये सांगितलं की ते सगळ्यांना सारखं असतं. मिनिटं सगळ्यांची सारखी नसतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. शिवडीहून चिर्ले गाठायला वीसेक मिनिटं, हे खरं आहे. पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, आणि सुरुवातीला मोटारीचा एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. म्हणजे ती वीस मिनिटं मोटारवाल्याची. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्याची, किंवा त्याच दिवशी उरणपर्यंत पोहोचलेल्या लोकलने जाणाऱ्याची मिनिटं निराळी. फलकावरचं वाक्य खरं, पण ‘तुम्हाला’ या शब्दात कोण बसतं ते तपासावं लागतं.

कधी कधी मिनिटं अजून झालेलीच नसतात. करंजा–रेवस पुलाची गोष्ट तुम्ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून, म्हणजे १९८० च्या दशकापासून ऐकता आहात. पूल होईल तेव्हा होईल, पण पुलाच्या बातमीने जमिनीचा भाव तेव्हाच हलतो. जाहिरात नेहमी भविष्यकाळात बोलते. इंग्लंडमध्ये जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर हेच समजावून सांगितलं होतं. जाहिरात वस्तू कमी विकते, ती वस्तू घेतल्यानंतरचे आपण आपल्यालाच विकते. ‘तिसरी मुंबई’ हा शब्द असाच आहे. दुसरी पूर्ण व्हायच्या आधी तिसरी विक्रीला आलेली आहे.

आणखी एक बारीक बदल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने २६ हजार घरांची योजना काढली, नाव ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’. आधीच्या जाहिराती ‘तुम्ही’ म्हणायच्या, इथे जाहिरात वाचणाऱ्याच्याच तोंडाने बोलते, ‘माझे’. अर्ज आधी मागवले गेले, किमती जाहीर झाल्या जानेवारी २०२५ मध्ये. किंमत कळायच्या आधी ‘माझे’ म्हणून झालं होतं.

कायदा यात काही करतो का? करतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. चांगली गोष्ट आहे. पण संरक्षण कोणाला? घर घेणाऱ्याला. चित्रात जिथे पोहण्याचा तलाव दाखवला आहे, तिथे कोणाचं शेत होतं, याबद्दल क्यूआर कोड काही सांगत नाही.

दुसरीकडे, होकाराच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई सेझवर जनमत घेतलं गेलं. शेतकऱ्याला ‘तुम्हाला हे हवं आहे का’ असा प्रश्न सरकारने मतपत्रिकेवर विचारण्याची ही दुर्मीळ घटना, आणि तो सेझ पुढे उभा राहिला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ती अट नाही.

जून २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी झाली आणि सिडको भवनावर मोर्चा गेला. दहा गावं जिथून उठली, तिथल्या पाटीवर आपल्या माणसाचं नाव हवं, ही मागणी होती. पुढच्या वर्षी राज्य मंत्रिमंडळाने आणि विधिमंडळाने तसा प्रस्ताव मंजूर केला. फलक, झेंडे, छायाचित्रं, गाणी, समाजमाध्यमं, सगळं या चळवळीने वापरलं. पटवून देण्याची कला आता एकाच बाजूकडे राहिलेली नाही. आणि हेही मान्य करूया की आज या फलकांमागे नेहमी बाहेरचाच बिल्डर असतो असं नाही. गावातलाच मुलगा जमिनीचे व्यवहार करतो, भावकीतलाच कोणी साडेबाराच्या प्लॉटवर इमारत बांधतो. एकाच घरात हरकतीचा अर्ज आणि बुकिंगचं माहितीपत्रक, दोन्ही सापडतात. म्हणून ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ रेघ आम्ही मारत नाही.

शेवटी आत्ताच्या प्रश्नाकडे. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर, कर्नाळा–साई–चिरनेर नवनगर जाहीर झालं आणि एमएमआरडीएला त्याचं प्राधिकरण नेमलं गेलं. त्यावर हजारो हरकती दाखल झाल्या. या शहराच्या दोन भाषा पुन्हा सुरू झाल्या आहेत. एक रंगीत भाषा, येणाऱ्यांसाठी. दुसरी राजपत्राची, असणाऱ्यांसाठी. आम्ही सांगू इच्छितो ते एवढंच की रंगीत कागदावर जितकी चर्चा करता, तितकीच त्या रूक्ष कागदावरही करा. ‘हरकती व सूचना’ या मथळ्याखालची चार ओळींची मुदत ही त्या सगळ्या व्यवहारातली एकच जागा असते, जिथे कागद गावकऱ्याला उद्देशून काहीतरी विचारतो. ग्रामपंचायतीत तो कागद मोठ्याने वाचला जावा. सर्व्हे नंबर, मुदत आणि प्रयोजन फळ्यावर लिहिलं जावं. त्यातल्या नकाशावर आपली मिठागरं, बांध, वाव टाकण्याच्या जागा, होड्या लावायची खाडी, हे आपल्या हाताने भरावं आणि तो नकाशा हरकतीला जोडावा. भरलेला नकाशा पाहून कोणाला तो रिकामा म्हणता येत नाही.

आता प्रश्न घेऊया. आणि ज्यांच्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नोटिसा, माहितीपत्रकं, मोर्च्याची पत्रकं असतील, त्यांनी ती टाकून देऊ नयेत ही विनंती. तीही याच इतिहासाची साधनं आहेत.